कोटातील एक उघडे दार
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला काही उपयोगी विषयावर बोलावे, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. या व्यासपीठावरून आहाराविषयी, मृत्युपत्राविषयी, गुडघेदुखीविषयी व्याख्याने झाली आणि ती आपण मन लावून ऐकली. त्या मानाने माझा विषय काहीजणींना बिनकामाचा वाटण्याचा संभव आहे. मी बोलणार आहे ती काळ्या घोड्याजवळच्या जहांगीर आर्ट गॅलरीविषयी. चिटणीसबाईंना विषय सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, चित्रांवर बोला, पण आम्हाला कळेल असे बोला." मी काही चित्रकार नव्हे. माझी सारी नोकरी शाळेत चित्रकला शिकवण्यात गेली. तेव्हा कळेल असे बोलण्याची सवय मला आहे. निदान पाचवीच्या वर्गाची तरी तशी तक्रार नसे!

या भाषणामागे माझा एक हेतू आहे, तो आधीच सांगून टाकते. यंदाची सहल कोठे न्यावी आणि वर्षाअखेरची शिल्लक कशी खर्च करावी, हे दोन्ही विषय कार्यकारिणीपुढे आहेत. त्या दोहोंबाबत मला एकेक सूचना करायची आहे. सूचना अखेरीस करीन. तोपर्यंत आपण माझ्याबरोबर कोटात एक फेरी मारावी, एवढीच विनंती.

मध्यंतरी मी आपल्यापैकी बऱ्याचजणींना सहज विचारीत होते, "जहांगीरमध्ये कधी गेला आहात का?" बहुतेकींनी ती इमारत बसमधून पाहिलेली होती. शेजारच्या म्युझियममध्ये मुलांना घेऊन गेलेल्या तर पुष्कळ निघाल्या. पण गॅलरीच्या पायऱ्या चढलेल्या फार थोड्या. कारणे विचारली. एक म्हणाली, तिकीट बरेच असेल. दुसरी म्हणाली, तिथे इंग्रजी बोलणारी माणसे असतात. तिसरीने सांगितले, हल्लीची चित्रे कळत नाहीत, उगाच हसे व्हायचे. आणि चौथी म्हणाली, "आपले तिथे काय काम?"

पहिल्या कारणाचे उत्तर सोपे आहे. जहांगीरमध्ये तिकीटच नाही. सकाळी ११ पासून संध्याकाळी ७ पर्यंत कोणीही आत जावे, हवा तितका वेळ बघावे आणि बाहेर यावे. दुसऱ्या आणि तिसऱ्या कारणाकडे मी पुढे येते. पण चौथे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. "आपले तिथे काय काम" असे आपण म्हणतो तेव्हा कोणीही न बांधलेली एक भिंत आपणच आपल्यापुढे बांधीत असतो.

भिंतीचीच गोष्ट निघाली म्हणून सांगते. आपल्या घरातील जुनी माणसे फोर्टाला 'कोट' म्हणत. "आज कोटात जायचे आहे" हे वाक्य माझ्या आजीच्या तोंडी मी कितीदा तरी ऐकले आहे. ते नाव उगाच पडलेले नव्हते. तेथे खरोखरच तटबंदी होती, बुरूज होते, आणि आत-बाहेर जायला तीन दरवाजे होते. त्यांतल्या एकाचे नाव चर्चगेट स्टेशनच्या रूपाने आपण अजून रोज घेतो. बार्टल फ्रिअर हे मुंबईचे गव्हर्नर असताना, १८६० नंतरच्या दशकात, हा तट पाडण्यात आला. तट गेला आणि मोकळ्या झालेल्या जागेत नवी मुंबई उभी राहू लागली. काळ्या घोड्याचा चौक या जुन्या तटाच्या कडेचा. तेथल्या एका रस्त्याला पूर्वी रॅम्पार्ट रो म्हणत. रॅम्पार्ट म्हणजे तट. आता त्याला के. दुभाष मार्ग म्हणतात.

या एका चौकात किती गोष्टी दाटीवाटीने बसल्या आहेत पाहा. डेव्हिड ससून ग्रंथालयाची इमारत १८७० ची. गल्लीत निळ्या रंगाचे यहुदी प्रार्थनामंदिर आहे, ते १८८४ चे. जवळच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखविली गेली आणि हिंदुस्थानातल्या लोकांनी पहिल्यांदा सिनेमा पाहिला. म्युझियमची कोनशिला १९०५ साली बसली. इमारत पुरी झाली, पण पहिले महायुद्ध सुरू असल्याने तिचे प्रथम इस्पितळ झाले, आणि म्युझियम म्हणून ती लोकांना खुली झाली ती १९२२ साली. समोरचे सर कावसजी जहांगीर सभागृह १९११ चे. तेथे एके काळी गाण्याच्या मैफली आणि राजकीय सभा होत. पुढे त्याला उतरती कळा लागली. १९९६ साली मात्र त्याचेच रूप पालटून आधुनिक कलेचे राष्ट्रीय संग्रहालय झाले. २०१८ साली या सबंध भागातील व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींचा युनेस्कोने जागतिक वारशात समावेश केला.

आणि प्रत्यक्ष काळा घोडा? त्याची कथा तर मोठी मौजेची आहे. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढे राजा झालेले सातवे एडवर्ड, १८७५ साली हिंदुस्थानात आले होते. त्यांच्या भेटीचे स्मारक म्हणून आल्बर्ट ससून यांनी घोड्यावर बसलेल्या राजपुत्राचा पुतळा शहराला दिला. तो १८७९ साली चौकात उभा राहिला. आता गंमत अशी, की वर बसलेल्या राजपुत्राकडे लोकांनी फारसे लक्ष दिले नाही. त्यांना दिसला तो घोडा, आणि चौकाचे नाव पडले काळा घोडा! स्वातंत्र्यानंतर, १९६५ साली, तो पुतळा तेथून हलविला गेला. सध्या तो भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात आहे. घोडा गेला तरी नाव गेले नाही. बावन्न वर्षे त्या चौकात घोडा नसताना लोक काळा घोडाच म्हणत राहिले. शेवटी २०१७ साली तेथे नवा घोडा बसविला, आणि तो मात्र स्वाराविना. राजपुत्राला वगळून घोडा तेवढा ठेवायचा, हा मुंबईच्या लोकांनी फार पूर्वीच केलेला निवाडा होता, तो असा अमलात आला. एखाद्या जागेचे नाव आणि तिची मालकी कोणाची, हे शेवटी तेथून रोज जाणारी येणारी माणसे ठरवितात, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता गॅलरीकडे वळू. १९४७ च्या सुमारास मुंबईत तरुण चित्रकारांचा एक जोमदार जथा पुढे आला होता. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि शिल्पकार बाकरे यांनी त्याच सुमारास प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. बॉम्बे आर्ट सोसायटी तर १८८८ पासून काम करीत होती. पण चित्रे मांडायला चित्रकारांची हक्काची अशी जागा शहरात नव्हती. नामवंत चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ डॉ. होमी भाभा यांनी ही गरज सर कावसजी जहांगीर यांच्या कानी घातली. डॉ. भाभांचे नाव ऐकून आपल्याला नवल वाटेल. अणुशास्त्रातले एवढे मोठे गृहस्थ, पण ते स्वतः उत्तम चित्रे काढीत आणि आपल्या संशोधनसंस्थेच्या भिंतींसाठी त्यांनी मोठ्या आवडीने चित्रे जमविली.

जहांगीर घराणे दानशूर. याच घराण्यातील पूर्वीच्या कावसजींना लोक 'रेडीमनी' म्हणत. विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह त्यांच्या देणगीतून झाले, आणि वाटसरूंसाठी त्यांनी शहरात ठिकठिकाणी पाणपोया बांधल्या. त्या परंपरेतील या सर कावसजींनी गॅलरीच्या इमारतीचा संपूर्ण खर्च दिला, आणि तिला नाव दिले आपल्या निवर्तलेल्या मुलाचे, जहांगीरचे. म्युझियमच्या आवारातच जागा मिळाली. २१ जानेवारी १९५२ रोजी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या हस्ते उद्घाटन झाले.

भगिनींनो, या गोष्टीपाशी मी नेहमी थोडी थांबते. ज्या बापाचा मुलगा गेला त्याला एखादा संगमरवरी पुतळा उभारता आला असता, दाराला कुलूप घालून एखादी खोली जपता आली असती. या गृहस्थांनी मुलाच्या नावाने एक दार उघडून ठेवले, आणि त्यातून गेली सत्तरांहून अधिक वर्षे परक्यांची मुले आपापली चित्रे घेऊन आत जात आहेत. आपणही आपल्या माणसांच्या स्मरणार्थ देणग्या देतो. तेव्हा हे उदाहरण डोळ्यांपुढे असावे.

इमारत साधी आहे. भोवतालच्या घुमटांच्या आणि कमानींच्या गर्दीत ती सिमेंट-काँक्रीटची, ठेंगणी, प्रवेशावर लाटेसारखे पुढे आलेले छप्पर असलेली. आत प्रदर्शनाची दालने आहेत. प्रदर्शन साधारण आठवडाभर चालते, मग भिंती मोकळ्या होतात आणि दुसऱ्या कोणाची चित्रे येतात. त्या एका आठवड्यासाठी चित्रकार बरीच वर्षे आधी अर्ज करून वाट पाहतात. म्हणून या आठवड्यात पाहिलेले पुढच्या आठवड्यात दिसत नाही. आपल्या रांगोळीसारखेच ते!

गॅलरीच्या कडेला 'समोवार' नावाचे उपाहारगृह होते. १९६४ साली उषा खन्ना यांनी ते सुरू केले. एका बाईने चालविलेली ती जागा. चित्रकार, नट, विद्यार्थी तेथे चहा-पराठ्यावर तासन् तास बसत. २०१५ साली ते बंद झाले. त्याची आठवण काढून हळहळणारी माणसे अजूनही भेटतात. गॅलरीच्या बाहेर फुटपाथवरही चित्रकार आपली चित्रे मांडून बसतात, आणि समोर बसलात तर तुमचे चित्रही काढून देतात. ज्यांना आतली चित्रे परवडत नाहीत त्यांना एखादे छोटे रेखाचित्र तेथे सहज घेता येते.

चित्रकला म्हणजे श्रीमंतांचा चोचला, असेही कोणी म्हणते. त्यांनी त्या प्रोग्रेसिव्ह मंडळीतल्या के. एच. आरा यांचे चरित्र पाहावे. लहानपणीच घर सोडून मुंबईला आलेला पोर. लोकांच्या घरी काम करून, मोटारी धुऊन त्याने दिवस काढले. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेला. तोच पुढे फुलांची आणि फुलदाण्यांची अशी चित्रे काढू लागला की ती संग्रहालयांनी मागून घेतली. पंढरपुरास जन्मलेले हुसेन सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवून पोट भरीत. ही माणसे बंगल्यात जन्मलेली नव्हती.

आणि बायका? हा प्रश्न आपल्या मंडळात विचारायलाच हवा. अमृता शेरगिल यांच्या 'तीन मुली' या चित्राला १९३७ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. त्या चित्रातल्या मुली अगदी आपल्या ओळखीच्या. खाली नजर, हात मांडीवर, आपल्या नशिबी काय वाढून ठेवले आहे याची वाट पाहत बसलेल्या. अमृताबाई अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या असताना १९४१ साली वारल्या. आपल्या महाराष्ट्रातल्या अंबिका धुरंधर या प्रसिद्ध चित्रकार रावबहादूर धुरंधरांच्या कन्या. ज्या काळी मुलीला मॅट्रिकपर्यंत शिकविणे म्हणजे पुष्कळ झाले असे मानीत, त्या काळी त्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. नागपूरकडच्या बेला गावच्या बी. प्रभा यांनी कोळणी रंगविल्या. उंच, सडपातळ, डोक्यावर टोपली घेतलेल्या त्या बाया पाहिल्या की मासळीबाजारात आपण ज्यांच्याशी घासाघीस करतो त्यांच्याकडे नीट पाहावेसे वाटू लागते. गोव्यात जन्मलेल्या प्रफुल्ला डहाणूकर यांनी स्वतः चित्रे काढलीच, शिवाय मुंबईच्या कलासंस्थांच्या कामात सारे आयुष्य घातले.

तरी ही नावे बोटांवर मोजण्यासारखी. आपल्या घरांतून कला कमी होती म्हणून का? मुळीच नाही. आपल्या आयांनी, आज्यांनी रोज पहाटे उंबऱ्याशी रांगोळी घातली, चैत्रगौरीपुढे चैत्रांगण काढले, वाक्या-वाक्यांच्या गोधड्या शिवल्या, रुखवतात काय काय मांडले! त्यांतले एकही काम सही करून ठेवलेले नाही. रांगोळी संध्याकाळी पुसली गेली, गोधडी झिजली. कोणी केले हे विचारले तर 'घरचेच' एवढे उत्तर. गॅलरीच्या भिंतीवर चित्राशेजारी छोटी चिठ्ठी असते आणि तीवर काढणाऱ्याचे नाव असते. मला त्या चिठ्ठीचे मोल फार वाटते.

आता 'चित्र कळत नाही' या तक्रारीकडे येते. मी आपल्याला एकच विचारते. साडीच्या दुकानात पन्नास साड्या पुढ्यात पडल्या असता आपण एकीवर बोट ठेवतो आणि म्हणतो, "याचा काठ अंगाशी बोलत नाही," किंवा "हा पदर फार भडक झाला." ही दृष्टी कोणी शिकविली? रंगाला रंग कसा लागतो, कोठे मोकळे सोडावे, कोठे भरावे, हे आपल्याला कळते. तीच दृष्टी चित्रापुढे घेऊन उभे राहायचे. ज्या चित्रात माणूस नाही, झाड नाही, नुसते रंग आहेत, उदाहरणार्थ वासुदेव गायतोंडे यांचे चित्र, तेथे "याचा अर्थ काय" असे विचारून अडू नये. गाण्यातल्या आलापाचा अर्थ आपण विचारतो का? तो लागतो किंवा लागत नाही.

मी मुलांना तीन साध्या गोष्टी सांगत असे, त्याच आपल्याला सांगते. पहिली, सर्व चित्रे पाहण्याचा अट्टाहास करू नये. एक फेरी मारावी, आणि जे चित्र परत बोलावील त्याच्यापुढे पाच मिनिटे उभे राहावे. दुसरी, चिठ्ठी आधी वाचू नये; आधी चित्र, मग नाव. तिसरी, चित्रकार बहुधा तेथेच बसलेला असतो, त्याला मराठीत प्रश्न विचारावा. चार दिवस एकटा बसून कंटाळलेला असतो बिचारा, आनंदाने बोलतो. आणि चित्र आवडले नाही तर न आवडो. तेही पाहणेच आहे.

आता एक अनुभव सांगते, नाव न घेता. माझ्या हाताखाली एक मुलगी होती. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन्ही चित्रकला परीक्षांत तिला वरची श्रेणी मिळाली. तिला कलाशाळेत जायचे होते. घरचे म्हणाले, चित्रे काढून पोट भरते का? त्यांचेही अगदीच चुकले असे मी म्हणणार नाही. तीन बहिणी, एक मिळवता. मुलगी वाणिज्य शाखेला गेली, नोकरीला लागली, संसार नीट चालला आहे. काही वर्षांनी ती मला जहांगीरमध्ये भेटली. डब्याची पिशवी खांद्याला, एका चित्रापुढे उभी. म्हणाली, "बाई, महिन्यातून एकदा येते. ऑफिस सुटल्यावर अर्धा तास. घरी मात्र कोणाला सांगत नाही."

ती नोकरीला लागली याचे मला दुःख नाही. अर्धा तास चित्रे पाहणे ही तिला लपविण्याची गोष्ट वाटावी, याने मात्र माझ्या मनाला चुटपुट लागली. देवळात गेले, हळदीकुंकवाला गेले, असे आपण घरी बिनदिक्कत सांगतो. 'चित्रे पाहायला गेले होते' हे वाक्यही तितक्याच सहज आपल्या घरांतून ऐकू यायला हवे. ते ऐकत वाढलेल्या मुलीला उद्या कलाशाळेत जायचे म्हटले तर निदान आईशी बोलता येईल. पुढे होय म्हणायचे की नाही, ते ज्या त्या घराने आपली परिस्थिती पाहून ठरवावे. पण बोलणेच होऊ नये, हे बरे नव्हे.

म्हणून माझ्या दोन सूचना. पहिली, यंदाची सहल आपण काळ्या घोड्यास न्यावी. खर्च फक्त जाण्यायेण्याचा. दुपारची झाकपाक करून निघालो तर संध्याकाळच्या दिवाबत्तीला घरी परत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना टॅक्सीने नेऊ; त्या पैशाची तजवीज करता येईल. फेब्रुवारीत तेथे १९९९ पासून कला महोत्सव भरत आला आहे, पण त्या दिवसांत गर्दी फार. आपण एखादा साधा, निवांत दिवस धरू. आणि सुनांना, मुलींना, शक्य तर नातवंडांना बरोबर घेऊ.

दुसरी सूचना, वर्षाच्या शिलकीतून आपल्या भागातील शाळेच्या दोन मुलींना कागद, रंग आणि चित्रकला परीक्षेची फी द्यावी. रक्कम मोठी नाही. आपल्या दिवाळी फराळाच्या विक्रीत एका दिवसात तेवढी जमते. मुलींची निवड त्यांच्या शाळेतील शिक्षकांनी करावी. आणि वर्षाच्या शेवटी, याच सभागृहाच्या या भिंतीवर, त्यांची चित्रे लावावीत. शेजारी चिठ्ठी असावी आणि चिठ्ठीवर त्यांचे पूर्ण नाव असावे.

कोणी म्हणेल, याने काय होणार? दोन मुली, एक भिंत. माझे म्हणणे, जेवढे आपल्या हातात आहे तेवढे तरी करू. कोटाचा तट पाडायला सरकार लागले. "आपले तिथे काय काम" ही भिंत पाडायला आपणच पुरेशा आहोत.

या दोन्ही सूचना कार्यकारिणीने विचारात घ्याव्यात, एवढी विनंती करते.